वाढत्या ज्येष्ठ वसाहतीत घर कसं निवडावं

निवृत्तांसाठीची मोठी वसाहत एका दमात उभी राहत नाही. आधी शंभर-दोनशे घरं, मग क्लबहाउस, मग दुसरा टप्पा, त्यानंतर दवाखाना आणि कधीतरी शुश्रूषेची सोय असलेली इमारत. सगळं पुरं व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. पासष्ट-सत्तरीत घर घेणाऱ्याला हा काळ थोडाथोडका नाही. माहितीपत्रकातला तलाव भरेल तेव्हा त्याला फेरी मारण्याइतके गुडघे शाबूत असतील का, हे विक्री कार्यालयात कुणी सांगणार नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: जे आज उभं आहे आणि चालू आहे, त्याच्या भरवशावर घर निवडावं. येऊ घातलेल्या गोष्टी लेखी, तारखेसह आणि त्यांचा खर्च कोण करणार हे कळल्यावरच हिशेबात धराव्यात. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घेतल्या तर फेऱ्या वाचतात.

१. आधी स्वतःचा दिवस कागदावर उतरवा

वसाहती बघायला निघण्यापूर्वी तुमचा एक साधा दिवस लिहून काढा. सकाळी उठल्यापासून काय करता, कुठे जाता, कुणाला भेटता. पोहता न येणारी माणसं पोहण्याचा तलाव बघून भाळतात आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्या देखभालीचे पैसे भरतात. वाचनालय, चालायचा रस्ता, पत्ते खेळायला चार माणसं, डॉक्टर, बँकेपर्यंत जाणारं वाहन, यांतलं तुम्हाला खरोखर काय लागतं ते ठरवा. त्याच कागदाच्या मागे एक वाईट दिवसही लिहा: पाय मुरगळलाय, जोडीदार रुग्णालयात आहे, बाहेर पाऊस कोसळतोय. घराची परीक्षा या दुसऱ्या दिवसावर घ्यायची आहे.

२. सुविधांचे तीन ढीग करा

चालू असलेल्या, बांधकाम सुरू असलेल्या आणि नुसत्या कागदावरच्या. माहितीपत्रक हे तिन्ही ढीग एकाच चकचकीत पानावर मिसळून दाखवतं. ते वेगळे करणं हे तुमचं काम.

अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब यांची 'सन सिटी' ही निवृत्तांची वसाहत विक्रीला खुली झाली, तेव्हा गोल्फचं मैदान, मनोरंजन केंद्र आणि दुकानं लोक येण्याआधीच बांधून तयार होती. नंतरच्या कित्येक वसाहतींनी तिचं अनुकरण केलं, पण सोयी आधी आणि घरं नंतर हा भाग सगळ्यांनी उचलला नाही. विकासक आधी घरं विकून त्या पैशांतून सोयी उभारणार असेल, तर विक्री मंदावली की सोयीही रखडतात. म्हणून पैसा कुठून येणार आहे हे थेट विचारा. अवघड वाटलं तरी विचारा.

'चालू' ढिगातल्या गोष्टीही तपासून घ्या. व्यायामशाळेला कुलूप आहे का, दवाखान्यात डॉक्टर रोज येतात की आठवड्यातून एकदा, बस ठरल्या वेळी सुटते का. आणखी एक गोम असते. काही सोयी विक्री चालू असेपर्यंत विकासक पदरचे पैसे घालून चालवतो. फुकटची बस आणि स्वस्त भोजनगृह ही त्यांतली नेहमीची. शेवटचं घर विकलं की हा आधार निघून जातो आणि मग सोय बंद तरी होते किंवा तिचा भार रहिवाशांवर येतो. आजच्या दरात विकासकाचा वाटा किती आहे, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

करारात 'सुविधांच्या स्वरूपात, जागेत व संख्येत बदल करण्याचा अधिकार विकासकाकडे राहील' अशा अर्थाचं वाक्य जवळजवळ नेहमी सापडतं. ते काढून टाकायला सांगितलं तर कुणी ऐकणार नाही. पण तुमच्यासाठी जीव की प्राण असलेल्या एक-दोन सोयींची नावं, पूर्ण होण्याची तारीख आणि ती चुकली तर काय भरपाई, एवढं पुरवणी पत्रात मागता येतं. द्यायला टाळाटाळ झाली तर ती सोय तिसऱ्या ढिगात टाका.

३. वसाहत भरल्यावरची गर्दी मोजा

अंतिम आराखडा मागून घ्या आणि शेवटी एकूण किती घरं होणार ते पाहा. आज २०० घरांना एक सभागृह असेल आणि पुढे ८०० घरांनाही तेच असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याची जागा चौथा हिस्साच उरणार. दवाखाना, भोजनगृह, बस, पाहुण्यांच्या खोल्या, गाड्यांची जागा या सगळ्यांना हाच भागाकार लावा. नव्या टप्प्यातल्या लोकांना स्वतंत्र क्लबहाउस मिळणार की ते तुमचंच वापरणार, हेही विचारा. ते अधिक झकपक झालं तर तिथे तुम्हाला प्रवेश आहे का, हा पुढचा प्रश्न.

नकाशात हिरवा रंग दिसला म्हणून बाग समजू नका. 'राखीव' किंवा 'भावी विकास' असं लिहिलेल्या प्रत्येक तुकड्यावर एक दिवस इमारत येईल असं धरून चाला. बाल्कनीतून दिसणारी टेकडी आवडली असेल तर मधली जमीन कुणाची आहे ते पाहूनच तिच्यासाठी जादा पैसे मोजा. बांधकामाच्या ट्रकांचा रस्ता वेगळा आहे का, हेही इथेच कळतं. दुपारी झोपायची सवय असलेल्या माणसाला पुढची पाच वर्षं खडी उतरवल्याचा आवाज सोसणं अवघड आहे.

४. देखभालीचा खर्च पुढच्या वीस वर्षांचा बघा

आजचा दर सगळे विचारतात. तो दर वाढतो कसा, हे महत्त्वाचं. दरवर्षी ७ टक्के वाढ झाली तर रक्कम साधारण दहा वर्षांत दुप्पट होते, वीस वर्षांत जवळपास चौपट. १० टक्क्यांनी वाढली तर सव्वासात-साडेसात वर्षांतच दुप्पट. निवृत्तिवेतन किंवा व्याज या वेगाने वाढत नाही. वाढीवर करारात काही मर्यादा आहे का ते शोधा. मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्षात दर किती वाढला तेही पाहा, कारण करारापेक्षा ते आकडे जास्त बोलके असतात.

त्यानंतर तीन गोष्टी. एक, राखीव निधी. लिफ्ट, गच्चीचं गळतीरोधक काम, पाण्याचे पंप, रंगकाम हे खर्च कधी ना कधी येतातच. निधी रिकामा असेल तर त्या दिवशी प्रत्येक घराच्या नावे मोठी एकरकमी मागणी निघते. दोन, नवी सोय आली की तिचा बांधकामखर्च आणि चालवण्याचा खर्च जुन्या रहिवाशांवर पडणार का. तीन, न विकल्या गेलेल्या घरांची देखभाल विकासक भरतो का. भरत नसेल तर ती तुम्ही भरत आहात.

हे सगळं ठरवतो कोण, याचाही छडा लावा. सुरुवातीला कारभार विकासकाकडे असतो. तो रहिवाशांच्या समितीकडे केव्हा आणि कोणत्या अटीवर जाणार, हे कागदावर हवं. 'सगळे टप्पे पूर्ण झाल्यावर' एवढंच लिहिलेलं असेल तर तो दिवस लांबवणं विकासकाच्या हातात राहतं. रहिवाशांच्या मागच्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं वाचायला मिळाली तर पाणी, लिफ्ट, थकबाकी, कुत्री, सगळी खरी भांडणं त्यांत असतात.

५. वसाहतीत घर कुठे आहे

विक्रेता म्हणतो, 'क्लबहाउस इथेच, चारशे मीटरवर.' काठी घेऊन सावकाश, सेकंदाला सुमारे ०.९ मीटर वेगाने चालणाऱ्याला ४०० मीटरला साडेसात मिनिटं लागतात आणि परत येणं आहेच. हे अंतर स्वतः चाला, शक्य तर हातात सामानाची पिशवी घेऊन. वाटेत बसायला बाक आहे का, चढ किती, रात्री दिवे आहेत का.

दुसऱ्या बाजूने, सोयींना चिकटून घर घेण्यातही शहाणपण नाही. भोजनगृहाच्या मागच्या बाजूला वास आणि भांड्यांचा आवाज, जनित्राशेजारी घरघर, कचरा गोळा करण्याच्या जागेपाशी पहाटेची गाडी. शे-दोनशे मीटरच्या आत, पण आडोशाला, असं घर मला सर्वांत बरं वाटतं. दर्शनी रस्त्यावरचं आणि शेवटच्या टोकाचं, दोन्ही टाळावीत. टोकाचं घर पुढच्या टप्प्याच्या कुंपणाला लागून असतं.

६. घरात फीत घेऊन जा

सजवलेल्या नमुना घरात मोजमाप घेऊ नका. तिथलं फर्निचर मुद्दाम लहान असू शकतं. तुम्हाला मिळणारंच घर, किंवा तशाच आराखड्याचं रिकामं घर उघडून दाखवायला सांगा. दरवाजाची मोकळी रुंदी निदान ८२ सेंटीमीटर हवी, ९० असेल तर उत्तम. चाकांची खुर्ची एका जागी वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ती न्हाणीघरात आणि पलंगाशेजारी आहे का पाहा. उताराचा रस्ता १ : १२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. न्हाणीघराच्या भिंतीत आधाराचे दांडे आज नसले तरी चालेल, पण ते पुढे बसवल्यावर माणसाचं वजन पेलेल इतकी भिंत भक्कम आहे का ते विचारा. न्हाणीघराचं दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. आत पडलेला माणूस दार अडवतो.

साठीतल्या डोळ्यांच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. त्यामुळे घर संध्याकाळी दिवे लावूनही बघा. आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का? हे एकच मोजमाप राहून जातं आणि नंतर बदलता येत नाही.

७. आजारपणाची सोय

'आरोग्यसेवा उपलब्ध' या दोन शब्दांत काहीही बसू शकतं. रात्री दोनला बेल दाबली तर कोण येतं, किती वेळात येतं, त्याला काय येतं? रुग्णवाहिका वसाहतीत उभी असते की बोलवावी लागते? रोजच्या मदतीची गरज लागली तर ती तुमच्याच घरात मिळते की दुसऱ्या इमारतीत जावं लागतं? तिथे जागा नसेल तर? जोडप्यातल्या एकालाच स्मृतिभ्रंश झाला तर दुसऱ्याचं काय, दोन ठिकाणचं भाडं भरायचं का? कोणत्या स्थितीत वसाहत तुम्हाला 'आता इथे ठेवता येणार नाही' म्हणू शकते, ते कलम मात्र शब्दन् शब्द वाचा. शुश्रूषेची इमारत अजून कागदावर असेल, तर ती नाहीच असं समजून जवळच्या रुग्णालयापर्यंत गर्दीच्या वेळी गाडीने स्वतः जाऊन या.

८. कोणत्या हक्काने राहणार आणि बाहेर कसं पडणार

पूर्ण मालकी, लांब मुदतीचा भाडेपट्टा, परत मिळणारी मोठी ठेव, किंवा साधं मासिक भाडं. प्रत्येकात वारसांना काय मिळतं ते वेगळं असतं. ठेव असेल तर ती घर सोडल्यावर किती दिवसांत मिळते, की पुढचा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं? वयाची अट असेल तर तुमची मुलं त्या घरात राहू शकणार नाहीत, फक्त विकू शकतील. आणि विक्रीत एक अडचण असते: पुढचे टप्पे चालू असेपर्यंत तुमच्या जुन्या घराची स्पर्धा विकासकाच्या नव्या कोऱ्या घरांशी, त्यांच्या सवलतींसह. मधल्या काळात देखभाल चालूच राहते. करार स्वतःच्या वकिलाला दाखवा. विकासकाने सुचवलेला वकील नको.

९. राहून पाहा

पाहुण्यांच्या खोलीत आठवडाभर राहा, आणि कार्यक्रमांचे दिवस टाळून साध्या वारी जा. बाकावर बसलेल्यांना 'कसं आहे इथे?' असं विचारलं तर 'छान आहे' हेच उत्तर येतं. त्याऐवजी 'तुम्ही आलात तेव्हा काय होतं जे आता नाही?' असं विचारा. कोणती सोय किती उशिरा आली, कोणती बंद पडली, समिती ऐकते का, हे त्या एका प्रश्नातून बाहेर पडतं. विक्री प्रतिनिधी सोबत असताना हे बोलणं होत नाही, त्यामुळे त्याला चहाला थांबवून तुम्ही फिरून या.

तरीही मन दोलायमान असेल आणि वसाहतीत भाड्याने घरं मिळत असतील, तर वर्षभर भाड्याने राहण्याचा पर्याय मी आधी निवडेन. भाड्याचे पैसे वाया जातात हे खरं, पण तोवर कुठल्या इमारतीत पाणी कमी येतं, कुठली लिफ्ट सारखी बंद असते, पुढचा टप्पा नेमका कुठे खोदला जातोय, हे कळलेलं असतं आणि पुढच्या टप्प्याची विक्री सुरू होईल तेव्हा कोणतं घर मागायचं हे तुम्हाला घराच्या क्रमांकासह माहीत असतं.