दसरा ते रथसप्तमी: पुण्याच्या रस्त्यावरचे रोजचे जगणे कॅमेऱ्यात कसे टिपावे

पुण्यात दसऱ्यापासून रथसप्तमीपर्यंतचे सुमारे चार महिने हा रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा सर्वांत चांगला काळ आहे, आणि त्याचे कारण केवळ सुखद हवा हे नाही. पाऊस परतलेला असतो, आकाश धुऊन निघालेले असते, सूर्य दिवसेंदिवस दक्षिणेकडे कलत जातो आणि मंडईपासून कुंभारवाड्यापर्यंत विक्रीला येणारा माल दर पंधरा दिवसांनी बदलत राहतो. थंड देशांतल्या मार्गदर्शनात शरद ऋतू म्हणजे पिवळ्या पानांचा सडा असतो; ती कल्पना मात्र इथे बाजूला ठेवावी. आपल्याकडे पानगळ येते ती शिशिरात. शरदात पुण्याच्या पदपथावर सकाळी सडा दिसतो तो बुचाच्या लांब दांड्याच्या पांढऱ्या फुलांचा, आणि ती फुले तुडवली जाण्याआधी म्हणजे झाडूवाल्या ताई येण्याच्या आधी तिथे पोहोचावे लागते.

माझे पहिले सांगणे असे की या चार महिन्यांसाठी एकच जागा धरावी. सुरुवातीच्या दोन वर्षांत मी कॅम्पापासून कोथरूडपर्यंत रोज नवी वाट धरून हिंडत असे. फोटो पुष्कळ मिळाले, पण त्यांतला कोणताही फोटो दुसऱ्याशी बोलत नव्हता. तिसऱ्या वर्षी मी महात्मा फुले मंडईचा एक कोपरा धरला आणि तिथेच आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो, तेव्हा ऋतू पहिल्यांदा फोटोंत उतरला. १८८६ मध्ये बांधलेली आणि तेव्हा रे मार्केट या नावाने ओळखली जाणारी ही दगडी इमारत, तिचा अष्टकोनी मनोरा, आजूबाजूची फुलांची व फळांची दुकाने आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी मेट्रो स्टेशनातून वर येणारी माणसे, एवढे सगळे शंभर पावलांच्या आत असते. तुमची जागा मंडईच असावी असे नाही. अप्पा बळवंत चौक, तांबट आळीचे तोंड किंवा घराजवळचे एखादे अमृततुल्यही चालेल. अट एवढीच की माणसे तिथून नुसती पुढे न जाता कशासाठी तरी थांबत असावीत, एका बाजूने प्रकाश मोकळा येत असावा आणि आपण उभे राहिल्याने हातगाडीवाल्याची वाट अडत नसावी.

जागा ठरल्यावर तिथला सूर्य शिकावा. सप्टेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि माध्यान्ही इतका वर असतो की उभ्या माणसाची सावली जेमतेम दोन फूट भरते. २२ डिसेंबरच्या सुमारास तोच सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला चांगला २५ अंश सरकून उगवतो, माध्यान्ही क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर चढतो आणि भर दुपारीसुद्धा माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. उन्हाळ्यात दहा वाजता कॅमेरा पिशवीत टाकण्याची जी सवय असते, ती म्हणून हिवाळ्यात मोडावी. पेठांमध्ये याचा परिणाम फार सुंदर होतो. लक्ष्मी रस्त्यासारख्या पूर्व-पश्चिम रस्त्यावर डिसेंबरात दक्षिणेकडचा पदपथ बहुतेक दिवस सावलीत राहतो आणि ऊन येते ते उत्तरेकडच्या इमारतींच्या तोंडावर. ते उन्हाचे पट्टे परतून खालच्या सावलीत मऊ प्रकाश पाडतात, ज्यात चेहरे विलक्षण चांगले येतात. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दक्षिणोत्तर आहेत. तिथे साडेबाराच्या सुमारास सूर्य रस्त्याच्याच रेषेत येतो, आणि दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास येणाऱ्या प्रत्येक माणसाची सावली त्याच्या पुढे चालत आपल्याकडे येते.

उपकरणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त चर्चा होते. फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरची लेन्स असेल, तर अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/८ ठेवून फोकस अडीच मीटरवर कायम करावा. दीड मीटरपासून जवळजवळ दहा मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट येते आणि फोकससाठी क्षण गमवावा लागत नाही. चालत्या माणसासाठी शटर १/२५० सेकंद, सायकलस्वारासाठी १/५००. मोबाइल असेल तर पडद्यावर बोट दाबून धरून फोकस व प्रकाश कायम करावा आणि बोट खाली ओढून चित्र किंचित गडद करावे. पोर्ट्रेट मोड मात्र वापरू नये: मागचा रस्ता पुसून टाकल्यावर रस्त्याच्या फोटोत उरणार काय?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे ढीग पाहून हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो, आणि तिथेच बहुतेकांचे फोटो फसतात. केशरी झेंडूवर थेट ऊन पडले की लाल रंगाची माहिती तुटते आणि पाकळ्यांच्या जागी एकसारखा सपाट डाग उरतो. ऊन चढण्याच्या आधी पोहोचावे किंवा ढिगाच्या सावलीतल्या बाजूने घ्यावे, आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा प्रकाश, अर्ध्या स्टॉपने खाली आणावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). त्याहून महत्त्वाचे म्हणजे ढिगावरून नजर काढून हातांकडे वळवावी: तोरण ओवणारी बोटे, तागडीत पडणारी मूठ, आपट्याच्या डहाळ्यांचे ओझे डोक्यावरून उतरवताना मान सावरणारी बाई.

दिवाळीत सर्वांत मोलाचा वेळ फार थोडा असतो. पुण्यात नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि त्यानंतरचा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत संपतो. आकाशकंदिलाचा उजेड आणि मागचे निळे आकाश यांचे तोल साधतात ती वेळ सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी सुरू होते आणि पुढच्या दहा मिनिटांत सरते. साडेसातला आकाश काळे झालेले असते आणि कंदील त्यात नुसते टांगल्यासारखे दिसतात. जागा आधी हेरून ठेवून सूर्य मावळतानाच तिथे तयार उभे राहावे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगाची कॅमेऱ्यातली जुळवणी, आपोआप ठरवू न देता दिवसाच्या प्रकाशावर कायम करावा, नाहीतर कॅमेरा कंदिलाचा पिवळेपणा दोष समजून धुऊन काढतो. दुसरी गोष्ट मी एक अख्खी दिवाळी गमावून शिकलो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे आणि एलईडी माळा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण शटर १/२५० वर आणि तेही इलेक्ट्रॉनिक (यांत्रिक पडद्याशिवाय चालणारे) असेल तर चित्रभर आडवे काळे पट्टे येतात. तुळशीबागेतल्या त्या संध्याकाळचा माझा एकही फोटो त्यातून सुटला नाही. तेव्हापासून दिव्यांच्या उजेडात मी शटर १/१०० किंवा १/५० वरच ठेवतो आणि माणूस क्षणभर स्थिरावण्याची वाट पाहतो. मोबाइलचा नाइट मोड अनेक चित्रे एकत्र करतो, त्यामुळे हलत्या हातांचा त्यात लगदा होतो. माणसे असतील तेव्हा तो बंद ठेवावा. मुलांचे किल्लेही याच दिवसांत होतात, आणि तयार किल्ल्यापेक्षा कोपरापर्यंत मातीने माखलेले हात, हळीव पेरून त्यावर पाणी शिंपडणारी धाकटी बहीण हेच टिपण्यासारखे असते.

मार्गशीर्षाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, आणि मला तर तोच महिना सर्वांत जवळचा वाटतो. गुरुवारच्या महालक्ष्मीच्या व्रतासाठी बुधवारी संध्याकाळी मंडईभोवती पाच फळांचे वाटे, वेण्या, विड्याची पाने आणि पाच झाडांच्या डहाळ्यांच्या जुड्या विकायला बसतात. नोकरीवरून परतणाऱ्या बायका खांद्यावरची पर्स सावरत, एका हाताने मोबाइल कानाशी धरत वाकून फळे निवडतात. एका मावशींसमोर मी तीन बुधवार उभा होतो. त्या एका हाताने पाच डहाळ्या उचलत, देठ जमिनीवर आपटून सारखे करत, दोऱ्याचे एक टोक दातांत धरून दोन वेढे देत आणि तो तोडता तोडता समोरच्या गिऱ्हाइकाला भाव सांगत. हे सगळे चार श्वासांत होई. पहिल्या बुधवारी मी त्यांचा चेहरा टिपला, दुसऱ्या बुधवारी हात. दोरा दातांत आणि नजर गिऱ्हाइकावर असा तो अर्ध्या सेकंदाचा क्षण तिसऱ्या बुधवारी मिळाला, कारण तोवर त्यांच्या हातांची लय माझ्या बोटात उतरली होती. वाट पाहणे हे या कामातले खरे कौशल्य आहे.

थंडी पडू लागली की पहाट सोडू नये. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या पुढे उगवतो, त्यामुळे फार लवकर न उठताही अंधार, संधिप्रकाश आणि कोवळे ऊन असे तिन्ही प्रकार दीड तासात मिळतात. चौकातल्या बंद दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्रांच्या पुरवण्या घालणारी मुले, शेकोटीभोवतीचे सुरक्षारक्षक, कानटोपी घालून फिरायला निघालेले आजोबा, अमृततुल्याच्या पितळी पातेल्यावरची वाफ हे सगळे त्यातले. वाफ आणि धूर समोरून प्रकाश असताना दिसत नाहीत; प्रकाश त्यांच्या मागे आणि त्याहून मागे अंधारी भिंत असेल, तरच ते उजळून उठतात, म्हणून शेकोटीच्या सूर्याकडच्या बाजूला उभे न राहता पलीकडे जावे आणि सूर्याच्या दिशेने पाहावे. थंड हवा खाली साचून राहिल्याने धूर नऊपर्यंत रस्त्यालगतच रेंगाळतो. बॅटरी थंडीने लवकर उतरते ही बर्फाळ प्रदेशातली तक्रार पुण्याला लागू नाही.

दुपारी कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके घालून मठार उठवण्याचे काम तिथे अजून चालते आणि कलत्या उन्हात त्या प्रत्येक ठोक्याची खळगी वेगळी चमकते. हातोडीची गती दाखवायची असेल तर शटर १/३० पर्यंत उतरवावे, कोपर भिंतीला टेकवावे आणि श्वास रोखून सात-आठ फोटो सलग घ्यावेत. एखाद्यात भांडे स्थिर आणि हातोडी पुसट अशी जोडी जमते.

संक्रांतीच्या आधी मातीची सुगडी, गाजरे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे आणि पावट्याच्या शेंगा पदपथावर उतरतात. काळ्या साड्यांचे फोटो घेताना कॅमेरा काळ्याला करडा करू पाहतो, म्हणून तिथे एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी ठेवावे. काठाची जरतार मग आपोआप उठून दिसते.

आता माणसांविषयी, ज्यांच्यावाचून हे सगळे निरर्थक आहे. सकाळी बोहनी होण्याआधी कुणाही विक्रेत्यावर कॅमेरा रोखू नये. पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळेला त्यांच्या लेखी मोल असते, आणि ते आपण मानले की पुढची बोलाचाली सोपी होते. काका, मावशी, दादा असे म्हणून आधी बोलावे, काहीतरी खरेदी करावी आणि घेतलेला फोटो लगेच पडद्यावर दाखवावा. नको म्हटले तर फोटो त्यांच्यासमोरच पुसावा. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय जवळून फोटो घेऊ नये आणि झोपलेल्या, भीक मागणाऱ्या किंवा भांडणात सापडलेल्या माणसाचा फोटो घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. असहाय माणसाची संमती गृहीत धरता येत नाही. कॅम्प भागात लष्करी आस्थापनांच्या भिंती आणि फाटके चौकटीत येऊ देऊ नयेत.

जे फोटो चांगले येतील त्यांचे कागदावर प्रिंट काढून ज्याचे त्याला नेऊन द्यावेत. हा शिष्टाचार तर आहेच, पण कामाचा भागही आहे, कारण मंडईत माझ्याकडे संशयाने पाहणारे गाळेवाले पहिल्या पाकिटानंतर मला आत बोलावून उजेडाची बाजू दाखवू लागले. घरी आल्यावर प्रत्येक फोटोपुढे तारीख, वेळ, जागा आणि त्या दिवशीचा भाव लिहून ठेवावा: झेंडूचा किलोचा दर, डहाळ्यांच्या जुडीची किंमत, सुगड्यांचा संच कितीला गेला. दहा वर्षांनी फोटोइतकीच त्या नोंदींची किंमत असेल.

रथसप्तमीला त्याच कोपऱ्यावर, दसऱ्याला जिथे उभे राहिला होता तिथेच, साडेबाराला शेवटचा फोटो घ्यावा. हळदीकुंकवाचे वाण खरेदी करणाऱ्या बायकांची गर्दी ओसरू लागलेली असते, उरलेली सुगडी पोत्यात परत भरली जात असतात, आणि डिसेंबरात रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेली समोरच्या इमारतीची सावली आता मागे सरून पदपथाकडे निघालेली असते.