स्टिअरिंग वाजतंय? रॅकला शेवटी हात लावा

स्टिअरिंग फिरवताना आवाज येतो म्हटलं की अनेक गॅरेजांत पहिला निकाल ठरलेला असतो: ‘रॅक गेला.’ रॅक म्हणजे स्टिअरिंगची फिरकी चाकांपर्यंत पोचवणारा दातेरी दांडा; हा या सगळ्यातला महागडा भाग आणि बहुतेक वेळा निर्दोष. म्हणून तपासणी स्वस्त भागांपासून सुरू करायची.

बॉनेट उघडा. पॉवर स्टिअरिंग ऑइलची छोटी टाकी दिसली, तर स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं आहे. बोलेरो आणि जुनी स्कॉर्पिओ या प्रकारातल्या. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉनमध्ये इलेक्ट्रिक मोटर असते, तिथे ऑइल आणि पंपाचा प्रश्नच नाही.

मग आवाज नेमका कधी येतो ते पकडा. सपाट जागी इंजिन चालू ठेवून गाडी जागेवरच उभी करा आणि स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. त्यानंतर मोकळ्या मैदानात पूर्ण वळवलेल्या चाकांनी हळू गोल फेरी मारा. शेवटी गतिरोधकावरून सरळ जा. गोल फेरीतच कट-कट येत असेल, तर दोष स्टिअरिंगचा नाही, ड्राइव्हशाफ्टच्या (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटचा आहे. चाकामागचा रबरी बूट फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. हे फक्त पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढे ड्राइव्हशाफ्टच नसतो. फक्त गतिरोधकावर खटखट होत असेल, तर पहिला संशय लिंक रॉडवर (गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांड्याला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या दांडीवर) घ्या. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड तात्पुरते सोडवून गाडी अगदी हळू फिरवा. आवाज गेला, तर निदान पक्कं. मात्र ते काढलेले असताना वेग घेऊ नका, वळणावर गाडी जास्त झुकते.

हायड्रॉलिकची घुंई किंवा गुरगुर जवळजवळ नेहमी ऑइलशी निगडित असते. टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहा. ऑइलला फेस आला असेल, तर आत हवा शिरते आहे. इथे एक गोष्ट फसवते: टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे त्याचा क्लिप सैल झाला किंवा ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) कडक झाली, तर हवा आत जाते, पण बाहेर ऑइलचा थेंबही दिसेलच असं नाही. दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे टाकीच्या तळाची जाळी. ती गाळाने भरली की पंपाला ऑइल कमी पडतं आणि तो ओरडतो. नवा पंप बसवूनही आवाज कायम राहिला, तर बहुधा जुनी टाकी तशीच ठेवलेली असते. जाळी वेगळी निघत नसेल, तर टाकीच बदला.

ऑइल कुठलं, ते टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तेच घाला, मिसळ करू नका. हवा काढण्यासाठी मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढची चाकं जॅकने उचला आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत १५-२० वेळा सावकाश फिरवा आणि पातळी उतरेल तसं ऑइल भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून पुन्हा तेच करा. टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, ऑइल तापतं आणि पंपावर ताण येतो. टोकाला येणारी हलकी सूंऽऽ मात्र जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची असते, तिची काळजी नको. थंड इंजिनावर स्टिअरिंग वळवताच किंचाळी येत असेल, तर बेल्ट पाहा: चकाकी आली असेल तर बदला, सैल असेल तर ताणा.

उभ्या गाडीत फिरवताना ‘टण्ण’ असा स्प्रिंगचा आवाज येत असेल, तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग तपासा. मदतनीसाला स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि बॉनेटखालच्या माउंटिंगवर तळहात ठेवा. स्प्रिंग अडकून सुटल्याचा झटका हाताला कळतो. वेटोळ्यांमध्ये बोटं घालू नका.

बारीक टक-टक असेल, तर चाक घोडीवर उचलून ३ आणि ९ वाजताच्या जागी धरून हलवा. इथे प्ले (ढिलाई) असेल, तर दोष टाय रॉड एंड किंवा रॅक एंडचा, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंतच्या दांडीच्या बाहेरच्या किंवा आतल्या सांध्याचा. १२ आणि ६ वर प्ले असेल, तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा व्हील बेअरिंग. बॉल जॉइंट सैल असेल तर गाडी चालवू नका, तो निसटला की चाक आडवं होतं. टाय रॉड एंड काढण्याआधी लॉक नटच्या जागी रंगाची खूण करा आणि काढताना आटे मोजा, नवा तेवढाच बसवा. नट सुटू नये म्हणून असलेली कॉटर पिन नवी घाला. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करावीच लागते, नाहीतर टायर कडेने झिजतो.

आवाज पायाजवळून येत असेल, तर स्टिअरिंग कॉलमपासून रॅककडे जाणाऱ्या शाफ्टचे क्रॉस जॉइंट तपासा. कॉलमवर मोटर असलेल्या काही इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये मोटर आणि गिअरच्या मधलं छोटं रबर झिजतं आणि थोडंसं डावी-उजवीकडे हलवलं तरी खट होतं. शाफ्ट सोडवण्याआधी चाकं सरळ करा, जोडावर खूण करा आणि स्टिअरिंग बांधून ठेवा. ते मोकळं गरगरलं, तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली गुंडाळलेली वायरची पट्टी) तुटते. स्टिअरिंगच्या आतून खरखर येत असेल किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर ते घरी उघडू नका.

हे सगळं ठीक निघालं, तरच रॅक. त्याचे रबरी बूट दाबून पाहा. बूट फाटला की पावसाळ्यात पाणी आणि चिखल आत जातो, गंज चढतो. हायड्रॉलिक रॅकच्या बुटात ऑइल साचलं असेल, तर आतलं सील गेलं आहे. काही जण खटखट बंद करायला रॅकच्या अंगावरचा ॲडजस्टर नट आवळून देतात. आवाज थांबतोही, पण नट जास्त आवळला गेला, तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. असं झालं, तर नट लगेच मॅन्युअलमधल्या मापावर आणून घ्या.