हस्ताचा पाऊस सरला, आता कुंडीतल्या मिनी गुलाबांकडे बघा

दसरा जवळ आला की मला ठरलेला प्रश्न येतो. जूनमध्ये छोटा गुलाब आणला, तेव्हा चांगली दहा-बारा फुलं होती, आता नुसत्या काड्या उरल्यात, मेला का हो? बहुतेक वेळा मेलेला नसतो. नखाने साल जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर खाली खाली खरवडत जा, मातीपासून दोन इंचावर हिरवं मिळालं तरी पुष्कळ झालं, मिनी गुलाब तिथूनही फुटतो.

चूक झाली ती जूनमध्ये आणण्यात. आपल्या कोकणात सवयच आहे, मिरग लागला की झाड लावायचं, आंबा लावा, माड लावा, सुपारी लावा, सगळं मिरगाला. गुलाबाचं उलटं आहे. त्याचं वर्ष आपल्याकडे ऑक्टोबरात सुरू होतं आणि मेअखेर संपतं, पावसाचे चार महिने त्याला फक्त जगवायचं असतं, फुलांची अपेक्षाच ठेवायची नाही. पुण्याकडचे लोक जूनमध्ये छाटा म्हणून सांगतात, त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर असेल, पण इथे जूनमध्ये छाटलंत तर कोवळी फूट थेट धो धो पावसात सापडते आणि आठ दिवसांत काळी पडते. मी पहिली दोन वर्षं घाटावरचं कॅलेंडर बघून तेच केलं, चौदा कुंड्यांतल्या पाच उरल्या.

एक गंमत सांगतो. आज आपण जे मिनी गुलाब बघतो त्यातले खूप सारे ज्यांच्या कामातून आले ते राल्फ मूर कॅलिफोर्नियातल्या व्हिसालिया गावचे, १९०७ चा जन्म, २००९ साली गेले, म्हणजे शंभरी ओलांडलेला माणूस आणि आयुष्यभर मिनी गुलाबांच्या नव्या जाती तयार करायचा उद्योग. त्या गावात वर्षभराचा पाऊस आपल्याकडे जुलैतल्या एक-दोन दिवसांत पडून जातो. आपल्याकडे तीन हजार मिमीच्या वर, तोही बराचसा चार महिन्यांत. अशा कोरड्या गावात वाढवलेल्या झाडाला आपण पागोळीखाली ठेवतो आणि वर म्हणतो नर्सरीवाल्याने फसवलं.

पाऊस त्याला दोन बाजूंनी मारतो. मुळं पाण्यात बुडून गुदमरतात ही एक बाजू. दुसरी पानांची, आणि ती जास्त वाईट, कारण ती उशिरा कळते. पान सात तासांच्या वर सलग ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी आत शिरते. मग काठ फाटल्यासारखे दिसणारे काळे गोल डाग, भोवती पान पिवळं, आणि हात लावला की गळतं. आपल्याकडे श्रावणात सात तास काय, चार-चार दिवस पान सुकत नाही. पावसाच्या थेंबांबरोबर ही बुरशी खालून वर उडते, म्हणून खालची पानं आधी जातात.

तर आता काय करायचं. हस्त जाऊ दे, परतीच्या पावसाच्या संध्याकाळच्या गडगडाटी सरी थांबू देत, सलग पाच-सहा दिवस कोरडे गेले की छाटणीला हात घाला. साधारण चित्रा नक्षत्रात, १० ते २५ ऑक्टोबरच्या दरम्यान हे जमतं. छाटल्यापासून मिनी गुलाबाला फुलं यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पहिला बहर, मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला घरची फुलं. आमच्याकडे आईचा हिशोब एवढाच असतो, गुरुवार चुकता कामा नये.

छाटताना हात आखडता ठेवा. मोठ्या गुलाबासारखं निम्म्यावर आणायचं नाही. आधी वाळलेल्या, काळ्या पडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक फांद्या मुळाशी काढा, मग उरलेलं झाड वरून एक तृतीयांश कमी करा. काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून नवी फूट येते त्या उंचवट्याच्या जरा वर, तिरका, आणि डोळा बाहेरच्या बाजूला बघणारा निवडा म्हणजे झाड मधून मोकळं राहतं, आपल्या दमट हवेत ते मोकळं राहणं औषधापेक्षा कामाचं. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. काप घेतल्यावर आतलं लाकूड पांढरट-हिरवं दिसलं पाहिजे, मध्ये तपकिरी ठिपका दिसला तर अजून एक डोळा खाली या, नाहीतर ती मर वरून खाली उतरत जाते आणि जानेवारीत अख्खी फांदी वाळते. उरलेली रोगट पानंही काढून टाका, आणि कुंडीत पडलेलं एकेक पान उचला. पालापाचोळा खताच्या खड्ड्यात टाकू नका, जाळा. हे कंटाळवाणं काम आहे पण पुढच्या वर्षीचे निम्मे ठिपके इथेच संपतात.

छाटल्याच्या दिवशीच फवारणी. ज्यांच्या घरी सुपारी आहे त्यांच्याकडे मोरचूद आणि चुना असतोच, कोळे रोगासाठी, म्हणजे पावसात सुपारी कुजून गळते त्यासाठी आणलेला. त्याचंच एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरचं औषध करा, लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये भिजवून मग एकत्र करायचं, गाळायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. विळ्याचं पातं बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. हे नुसत्या काड्यांवर मारायचं, कोवळी फूट आल्यावर मारलंत तर पानं भाजतात. नवीन पानं आल्यावर ठिपके दिसलेच तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी परत एकदा, तोंडाला फडकं बांधून. मोठ्या कापांवर मोरचूद-चुन्याची पेस्ट लावा.

आता मातीचं, इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. झाड बाहेरून आलेलं असेल तर मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो, तो तसाच कुंडीत ठेवला तर पावसाळ्यात त्यात पाणी धरून राहतं आणि उन्हाळ्यात तोच विटेसारखा होतो, पाणी बाजूने निघून जातं आणि मुळं कोरडी. छाटणीच्या वेळी झाड बाहेर काढा, गोळा बादलीत तासभर भिजवा आणि बोटांनी हळूहळू सोडवा. कधीकधी एका छोट्या कुंडीत तीन-चार वेगळी रोपं एकत्र लावलेली निघतात, भरगच्च दिसावं म्हणून, ती सुटली तर वेगळी करा, मुळं फार गुंतलेली असतील तर राहू द्या. नवीन मिश्रण म्हणजे एक भाग आपली लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि त्यात दोन मुठी बारीक जांभ्याची खडी. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. कुंडी आठ इंची पुरते, फार मोठी नको, तळाला भोकं चार-पाच आणि कुंडी दोन चिऱ्यांच्या तुकड्यांवर उचललेली, खालून वारा गेला पाहिजे. खालची ताटली काढूनच टाका, डासही होतात.

पुळणीवरची वाळू आणू नका. फुकट मिळते, दिसायला छान पांढरी, म्हणून लोक पोतंभर आणतात. तिच्यात मीठ असतं ते धुता येईल एक वेळ, पण शिंपल्यांचा चुरा राहतो, तो म्हणजे चुनाच. गुलाबाला थोडी आंबट माती लागते, साधारण सहा ते साडेसहा सामू (पीएच), चुना वाढला की लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही, पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसतं. लाल मातीत, जिथे लोहाची खाण आहे म्हणायचं, तिथे लोह कमी पडल्याची लक्षणं बघितली आहेत मी, वाळूपायी. आणि कुंडीच्या तळाला नारळाची सोडणं घालायची पद्धत आहे ती पावसाळ्याच्या आधी तरी नको, ती पाणी पिऊन बसतात. तीच सोडणं फेब्रुवारीनंतर वरून मातीवर अंथरा, तेव्हा उपयोगाची.

जागा पूर्वेची बघा. सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि दुपारनंतर भिंतीची सावली मिळाली तर सोनं, कारण रात्रीचं दव सकाळी लवकर सुकतं. आंब्याखाली, फणसाखाली ठेवू नका, वरून थेंब पडत राहतात. समुद्र जवळ असेल तर पश्चिमेचा खारा वारा अंगावर येतो, घराच्या किंवा गडग्याच्या आडोशाला ठेवा, आणि वारा जास्त असेल त्या दिवसांत सकाळी आठच्या आत पानं साध्या पाण्याने धुवा, संध्याकाळी नाही, पानं रात्रभर ओली राहिली की वर सांगितलेली बुरशी शिरते.

पाणी बोट घालून द्या, पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर द्यायचं. खाडीकाठच्या विहिरी मार्च-एप्रिलपासून मचूळ व्हायला लागतात, माणसाला चवीत कळायच्या आधी गुलाबाला कळतं, पानांची टोकं करपतात. अशा वेळी घरात प्यायला भरलेल्या गोड्या पाण्यातलं तांब्याभर गुलाबाला द्या, आणि आठवड्यातून एकदा जरा जास्त, तळातून वाहून जाईल इतकं, म्हणजे साठलेलं मीठ खाली निघून जातं.

खत छाटणीनंतर लगेच देऊ नका. फूट दोन इंच झाली की कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी किंवा करंजाची पेंड, माती उकरून मिसळायची. मग पंधरा दिवसांनी एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरद-पालाश खत, लिटरला एक-दोन ग्रॅम. ताजी मासळी धुतलेलं पाणी घालतात, ते चालतं, चारपट साधं पाणी मिसळून, फक्त मग मांजर कुंडी उकरणार ही तयारी ठेवा. सुकं, म्हणजे बोंबील, बांगडे भिजवलेलं पाणी मात्र चुकूनही नाही, ते मिठाचंच पाणी. चहाची पावडर धुऊन साखर काढून मगच टाका, नाहीतर मुंग्या.

डिसेंबर-जानेवारीत पानांवर पिठासारखी भुरी दिसली तर विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम, दुपारच्या उन्हात नको. फेब्रुवारीपासून लाल कोळी येतो, पानाच्या खाली बारीक जाळी आणि पान धुरकट. त्याला औषधाआधी सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा द्या, दोन-तीन दिवस सलग, बराचसा निघून जातो. फुलकिडे असतील, कळ्या वाकड्या उमलत असतील तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थेंबभर साबण घालून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. गंधक मारल्यावर तीन आठवडे तेल मारू नका, पानं जळतात, माझी जळली आहेत.

आणि छाटलेल्या काड्यांतल्या निरोगी फेकू नका. मिनी गुलाब काडीवर सहज धरतो, मोठ्या गुलाबासारखं दुसऱ्या झाडावर डोळा भरायची, म्हणजे कलम करायची गरज नाही. चार-पाच इंचाची, फूल येऊन गेलेल्या फांदीची काडी घ्या, खालची पानं काढा, धुतलेल्या कोकोपीटमध्ये दोन डोळे आत जातील अशी खोचा, वर जुनी प्लास्टिकची बाटली कापून झाकण घाला आणि पडवीत उजेडात ठेवा, थेट उन्हात नाही. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. काडी हलवून बघायचा मोह होतो, तो आवरा. दहा लावल्या तर सहा-सात लागतात, मेपर्यंत त्या चार इंची कुंडीत चांगल्या बसलेल्या असतात, आणि मिरगाच्या आधी त्या सगळ्या उचलून पागोळीपासून दोन हात आत, पडवीच्या उजेडाच्या कडेला.