सोलापूरच्या कारखानदाराने निराधार मुलांच्या संस्थेला हातभार कसा लावावा

वाढदिवसाला जेवण, दिवाळीला फराळ, जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या थंडीत चादरी. निराधार मुलांच्या संस्थेकडे एवढं सहसा येतं. खरी अडचण येते ती जूनमध्ये फी भरताना, आणि त्याहून जास्त मुलगा किंवा मुलगी अठराची होऊन संस्थेबाहेर पडल्यावर. तुमचा टॉवेलचा कारखाना असो, युनिफॉर्मचं शिलाई युनिट असो की नवी पेठेतलं दुकान, मदत या दोन वेळांना पोचेल अशी बघा.

आधी संस्था पारखा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागच्या वर्षाचा ऑडिट अहवाल मागा. मुलं तिथे राहत असतील तर बाल न्याय कायदा, २०१५ खालचं नोंदणी प्रमाणपत्रही बघा. ते नसताना मुलांना ठेवणं गुन्हा आहे. चांगल्या संस्थेला कागद मागितल्याचा राग येत नाही.

मग काय हवं ते अधीक्षकांना विचारा. बसपास, सॅनिटरी पॅड, एमएससीआयटीची फी, वीजबिल अशी यादी निघेल. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा झेपेल तेवढीच ठरवा आणि मंदीतही ती थांबवू नका, कारण संस्था त्या भरवशावर खर्च ठरवते.

पैसे बँकेतून द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही, वस्तूंनाही नाही. संस्थेकडून करसवलतीसाठीचं देणगी प्रमाणपत्र घ्या. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत नाही, हे सीएशी बोलून घ्या.

आता सर्वांत मोलाचं: काम. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद साधारण २१ वर्षांपर्यंत आहे. पण नोकरी आणि खोली मिळवून देणारं माणूस लागतंच. संस्थेतल्या मुलाला किंवा मुलीला अठरा पूर्ण झाल्याचा कागद बघूनच कामावर घ्या. त्याआधी कारखान्यात नकोच. थेट मागावर उभं करू नका. घडी-पॅकिंग, काज-बटण, टॅलीवरची बिलं, जिथे हात बसेल तिथून सुरुवात करा आणि शेजारी एखादा जुना, समजूतदार कामगार द्या.

पहिल्या महिन्याचा विचार नीट करा. पगार महिनाअखेरीला मिळणार असेल, तर तोवर खाणावळीचे पैसे तो कुठून आणणार? घरी मागायला कुणी नाही. आठवड्याचा पगार आपल्या मागवाल्यांना नवा नाही. सुरुवातीला त्याच पद्धतीने त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा करा. खोलीच्या डिपॉझिटला उचल द्या आणि ती हळूहळू कापा. जामीन कोण राहणार, हे घरमालक विचारणारच. तिथे तुम्ही सोबत गेलात तर काम लवकर होतं. शिकाऊ आहे म्हणून मजुरी कमी देऊ नका. पीएफ, ईएसआय तुमच्या युनिटला लागू असेल तर पहिल्या दिवसापासून लावा.

तो संस्थेतून आलाय हे मालक आणि सुपरवायझर यांच्यापलीकडे जाऊ देऊ नका. चहाच्या वेळी ‘तुझे आईवडील कुठं असतात?’ हा प्रश्न येईल. उत्तर द्यायचं की नाही, ते त्याचं तो ठरवेल.

संस्थेतल्या मुलांचे फोटो, नावं व्हॉट्सअॅपवर, बॅनरवर किंवा दुकानाच्या जाहिरातीत टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्यांची ओळख उघड करायला मनाई आहे. आणि एखादं मूल संकटात दिसलं, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावा.