आटे कापलेले की रोल केलेले? मशीनिंग आणि फॉर्मिंगमधला फरक

आयटीआय किंवा डिप्लोमा करून भोसरी-चाकण पट्ट्यात पहिल्या नोकरीसाठी येणाऱ्या मुलांना मुलाखतीत मशीनिंग (धातू कापून आकार देणे) आणि फॉर्मिंग (धातू न काढता दाबून आकार देणे) यांतला फरक बहुधा विचारला जातोच. ‘मशीनिंगमध्ये चिप, म्हणजे धातूचा कीस, निघते, फॉर्मिंगमध्ये निघत नाही’ हे पाठ केलेले उत्तर चुकीचे नाही. मात्र प्रेसवर पत्र्यातून वॉशर निघतो तेव्हाही चिप निघत नाही, मग ते फॉर्मिंग का, असे विचारले की बहुतेकांची गाडी तिथेच अडते. पंच (वरून दाबणारे हत्यार) आणि डाय (खालचा साचा) यांच्या कडांमध्ये पत्रा शिअर होऊन, म्हणजे कात्रीत सापडल्यासारखा, तुटतो, म्हणून काम प्रेस शॉपमधले असले तरी ते कापणेच आहे.

शिकाऊंना मी एम-१०चा (१० मिमी व्यासाचा) बोल्ट देऊन विचार करायला लावतो. लेथवर आटे पाडायचे तर बार जवळजवळ १० मिमीचा लागतो आणि खाचेतला धातू टूल काढून टाकते. तेच आटे रोल करायचे असतील तर ब्लँक (आटे पाडण्याआधीचा तुकडा) सुमारे ९ मिमीचा घ्यावा लागतो, कारण डाय खाचेतला धातू दाबून आट्याच्या माथ्याकडे सरकवते आणि धातूचे आकारमान तेवढेच राहते. या दाबामुळे आट्याचा तळ कठीण होतो, धातूचे तंतू न तुटता आट्याच्या वळणाने जातात आणि वारंवार बदलणाऱ्या भाराखाली बोल्ट जास्त टिकतो. कॅलिपर लावून पाहा: बोल्टची आटे नसलेली दांडी आट्यांच्या बाहेरच्या व्यासापेक्षा बारीक असेल, तर आटे बहुधा रोल केलेले असतात. (व्यास सारखा असला म्हणून ते कापलेलेच, असे मात्र म्हणता येत नाही.)

मग सगळेच फॉर्मिंगने का करत नाहीत? डाय महाग असते, त्यामुळे दहा-वीस नगांसाठी ती परवडत नाही. शिवाय काही मायक्रॉनची अचूकता हवी असेल तर शेवटी ग्राइंडिंगलाच जावे लागते. इंजिनाचा फोर्ज केलेला क्रँकशाफ्ट सुमारे १२०० अंश सेल्सिअसला तापवून डायमध्ये ठोकलेला असतो, तरी त्याचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) ग्राइंडरवरच पुरे होतात.

नोकरीची सुरुवात मशीन शॉपमध्ये करावी, असे माझे मत आहे. फॉर्मिंगच्या डायसुद्धा मिलिंग, ग्राइंडिंग आणि ईडीएमवरच (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारे मशीन) तयार होतात, त्यामुळे ती शिकवणी पुढे प्रेस शॉपमध्येही उपयोगी पडते. तिथे गेल्यावर नव्याने शिकायचा मुख्य विषय म्हणजे स्प्रिंगबॅक, म्हणजे वाकवलेला पत्रा दाब काढल्यावर थोडा परत उघडणे: ९० अंशांचा कोपरा हवा असेल तर पत्रा एक-दोन अंश जास्त वाकवावा लागतो, आणि नेमका किती, हे कॉइल (पत्र्याची गुंडाळी) बदलली की पुन्हा तपासावे लागते.