मित्राला फोटोची प्रिंट विकताना भाव कसा लावावा

मित्र घरच्या भिंतीसाठी फोटो मागतो, भाव विचारतो आणि आपण ‘दे तुला वाटेल ते’ म्हणून मोकळे होतो. घोळ इथूनच सुरू होतो. फ्रेमवाल्याचा दर त्याला ठाऊक नसतो, म्हणून तो शंभर-दोनशेचा अंदाज धरतो. अनोळखी गिऱ्हाइकाला सांगाल तो पूर्ण भाव आधी काढा. मैत्रीची सूट त्यानंतर द्या आणि ती फक्त आपल्या मजुरीतून आणि नफ्यातून द्या.

भाव काढण्याआधी माप पक्कं करा. कॅमेऱ्याचा फोटो बहुधा ३:२ असतो, त्यामुळे ८×१२ किंवा १२×१८ इंचात तो पूर्ण बसतो. मित्राकडे जुनी ८×१० ची फ्रेम पडून असेल, तर लांबीतले २ इंच कापले जातात आणि ताडोबाच्या वाघाची शेपटी जाते. १२×१८ साठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ३६००×५४०० पिक्सेल लागतात. २०० नेही भिंतीवर चांगलं दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलची असेल, तर १८ इंचात इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल उरतात. अशी प्रिंट विकू नका.

आता खर्च. फ्रेमची पट्टी फुटावर मिळते. १२×१८ च्या फोटोला चहूबाजूंनी २ इंच माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड कागदाची चौकट, सोडलं की फ्रेम १६×२२ ची होते. घेर ७६ इंच, शिवाय १ इंच रुंद पट्टीचे कोपरे कापताना ८ इंच जास्त लागते, म्हणजे ७ फूट. बरेच जण १२×१८ चाच घेर, ५ फूट, धरतात आणि तिथंच तोटा खातात. माउंट मात्र वाचवू नका. ते नसेल तर पावसाळ्यात दमट हवेनं प्रिंट काचेला चिकटते, आणि सोडवायला गेलं की फोटोचा थर निघतो.

पुढचे दर नमुन्याचे आहेत, तुमच्या लॅबचे आणि फ्रेमवाल्याचे विचारून घाला. प्रिंट २००, पट्टी ७ फूट ६० प्रमाणे ४२०, काच-माउंट-पाठ-बनवाई २८०, जिल्ह्याच्या गावी एसटीनं जाणं-येणं १००, झाले १०००. वाया जाण्यापोटी १०० धरा. मोबाइलच्या उजळ पडद्यावर छान वाटलेला फोटो कागदावर काळपट येतो आणि पुन्हा काढावा लागतो. हे टाळायला त्याच लॅबमध्ये, त्याच कागदावर आधी ४×६ ची चाचणी प्रिंट काढून बघा.

कॅमेरा-लेन्सची झीज १०० धरा. इथपर्यंतचे १२०० रुपये खिशातलेच आहेत, त्याला हात लावायचा नाही. निवड आणि एडिटिंगचे २ तास २०० प्रमाणे ४००, नफा ४००. पूर्ण भाव २०००. सूट द्यायची ती या शेवटच्या ८०० मधून: निम्मी सोडली तर मित्राला १६००.

चिठ्ठीवर ‘२०००, सूट ४००, देणे १६००’ असं सरळ लिहा. नुसते १६०० लिहिले तर त्याचा साळा तोच भाव धरून येईल, कारण गावात भाव लपून राहत नाही. सगळ्या मित्रांना सूट सारखीच ठेवा. प्रिंटला टाकण्याआधी ११०० अ‍ॅडव्हान्स घ्या. ‘कापूस विकला की देतो’ म्हणाला तर उरलेल्या ५०० साठी चालेल, पण तारीख लिहून घ्या.

‘फाइलच पाठव ना गड्या’ हेही येतंच. प्रिंट विकली म्हणजे फोटोचे हक्क विकले असं होत नाही. ताडोबाजवळ मोहर्लीकडं मित्राचा होमस्टे असेल, तर भिंतीवरची प्रिंट आणि रस्त्यावरचा फ्लेक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे भावही वेगळे. पण त्यानं पैसे देऊन त्याच्या पोरीच्या लग्नाचे फोटो तुमच्याकडून काढून घेतले असतील, तर गोष्ट उलटी: वेगळा करार नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्या फोटोंचा हक्क त्याचाच.

त्याच फोटोची दुसरी प्रत मागितली तर एडिटिंग झालेलंच असतं. मजुरीचे ४०० ऐवजी १०० लावा, म्हणजे पूर्ण भाव १७०० होतो आणि सूट द्यायला ५०० उरतात.