प्रोव्हान्सची डोंगरमाथ्यावरची गावं: या चुका टाळा

दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहराच्या पूर्वेला लुबेरोंचा डोंगर आणि समोर व्होक्लूजचं पठार. या दोन्हींच्या कडांवर गोर्द, रुसियों, बोनियू, लाकोस्त, मेनेर्ब अशी गावं बसलेली आहेत. लुबेरोंचा सर्वांत उंच माथाही १,१२५ मीटरचाच, म्हणजे कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरनं बुटका. दोन गावांमधलं अंतर पाच ते पंधरा किलोमीटर. हे आकडे बघूनच लोक गाफील राहतात आणि दरवर्षी त्याच त्या चुका करतात.

गाडी थेट गावात घालणं

ही चूक पहिल्या नंबरची. नकाशाच्या ॲपमध्ये नुसतं गावाचं नाव टाकलं की ॲप गावाच्या मध्यावर, चर्चपाशी नाहीतर नगरपालिकेपाशी नेऊन सोडतं. ही गावं वसवली तीच मुळी कोणाला सहज वर येता येऊ नये म्हणून. गल्ल्या खेचराच्या मापाच्या आणि भाड्याची सात सीटर आरशांसकट दोन मीटरच्या वर.

पुढचा प्रकार ठरलेला. पहिलं वळण निभावतं, दुसऱ्यावर गल्ली आवळते, तिसऱ्यावर समोर थेट पायऱ्या. तोवर मागे कोणाची तरी व्हॅन येऊन उभी. मागच्या सीटवरून तिघं तीन दिशांना हात करतात, क्लचचा जळका वास सुटतो आणि चढावर रिव्हर्स घेताना उजवं चाक दगडी पायरीच्या धारेवर घासतं. नेहमी उजवंच, कारण भारतात आपण उजवीकडे बसून गाडी चालवतो. इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे उजवी बाजू किती बाहेर आहे याचा अंदाज पहिले दोन-तीन दिवस येतच नाही. टायर, रिम, आरसे आणि गाडीचं पोट यांचं नुकसान भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात बहुतेक वेळा धरलेलं नसतं. ती ओळ करारात बारीक अक्षरात असते आणि काउंटरवर कोणी वाचत नाही.

उपाय साधा आहे. ॲपमध्ये गावाचं नाही, पार्किंगचं नाव टाका. गावाबाहेर निळ्या पाटीवर पांढरा ‘पी’ दिसला की तिथेच गाडी लावा आणि चालत वर जा. गोर्द, रुसियोंला पैसे पडतात, पडू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये दहाच्या आत पोचलात तर जागा मिळते. लाल कडेच्या गोल पाटीवर समोरासमोर दोन बाण आणि मधे आकडा असेल तर ती गल्लीची रुंदी. ‘सोफ रिव्हरें’ लिहिलेलं असेल तर तो रस्ता फक्त रहिवाशांचा. अरुंद चढावर समोरासमोर गाड्या आल्या तर फ्रेंच नियमानुसार उतरणाऱ्यानं थांबायचं आणि सहसा मागेही त्यानंच जायचं. तुम्ही उतरत असाल तर हॉर्न वाजवत बसू नका.

आदल्या रात्री चौकात गाडी लावून निवांत झोपणं हे याच चुकीचं धाकटं भावंड. गोर्दचा बाजार मंगळवारी, रुसियोंचा गुरुवारी, बोनियू आणि लूर्मारांचा शुक्रवारी, आप्तचा शनिवारी. बाजाराच्या पहाटे चौक रिकामा लागतो आणि तिथे उरलेली गाडी उचलून नेतात.

एका दिवसात सहा गावं

हे वेळापत्रक करणारा माणूस पार्किंगं बघून परत येतो. दिवसाला दोन गावं पुरेत, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. गोर्द सकाळच्या उन्हात बघावं, तेही कव्हायोंच्या रस्त्यावरच्या कड्यावरून, कारण अख्खं गाव एका नजरेत तिथूनच येतं. रुसियों दुपार कलल्यावर, तेव्हा गेरूचे कडे पेटल्यासारखे लाल होतात. तिथल्या गेरूच्या पायवाटेवर पांढरे बूट घालून जाऊ नका, तो रंग धुतला तरी जात नाही. पाऊस पडला की ती वाट बंद करतात.

मधल्या वेळात काय, तर जेवण. ते बारा ते दीडच्या मध्येच. दोन वाजता स्वयंपाकघर बंद होतं आणि अडीचला पोचणाऱ्याला ‘फक्त कॉफी’ एवढंच उत्तर मिळतं. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी तर अर्धं गाव बंद असतं. रविवारी सकाळीच बेकरीतून पाव, चीज आणि टोमॅटो घेऊन ठेवावेत.

‘फ्रान्सची सर्वांत सुंदर गावं’ ही यादी हातात घेऊन फिरणाऱ्यांचंही काही कळत नाही. ती १९८२ साली स्थापन झालेल्या एका संघटनेची यादी आहे. लोकसंख्या दोन हजारांच्या आत आणि किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं अशा तिच्या अटी, शिवाय अर्ज गावानं स्वतः करायचा. गोर्द, मेनेर्ब, लूर्मारां त्यात आहेत, बोनियू नाही. म्हणून बोनियू गाळणार? ८६ पायऱ्या चढून वरच्या जुन्या चर्चपाशी जा. समोर लाकोस्त आणि त्यावरचा मार्की द साद या अठराव्या शतकातल्या बदनाम लेखकाचा पडका किल्ला, दरीपलीकडे गोर्द, त्यामागे माँ व्हाँतू या डोंगराचं पांढरं टोक. जुलैत ते पांढरं बघून ‘बर्फ!’ म्हणू नका, तो चुनखडीचा दगड आहे.

सह्याद्रीचा हिशोब व्हर्दोंला लावणं

व्हर्दोंची दरी गोर्दपासून गाडीनं दोन तासांवर, त्यामुळे दोन्ही एका दिवसात होत नाहीत. दरीजवळच्या मुस्तिए गावात मुक्काम करा. इथली प्रसिद्ध वाट म्हणजे ब्लाँ-मार्तेल. मार्तेल या गुहासंशोधकानं १९०५ साली या दरीचं संशोधन केलं, त्याच्याबरोबर ब्लाँ नावाचे स्थानिक शिक्षक होते. मालीनच्या शालेपासून (डोंगरातलं विश्रामगृह) प्वां सुब्लीम या दरी दिसणाऱ्या जागेपर्यंत साधारण सोळा किलोमीटर, सहा-सात तास.

गडांवर फिरलेल्या मराठी माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि फसगत तिथेच होते. गडावर चढण आधी, उतार नंतर. पाणी संपलं तर निदान खाली उतरता येतं. इथे सुरुवातच उतरण्यानं होते. दमलेले पाय घेऊन शेवटी चढायचं असतं, तेही दुपारी, तापलेल्या कातळाशेजारून. मधे ब्रेश अँबेर या कातळातल्या खिंडीच्या अडीचशेवर लोखंडी पायऱ्या, अगदी उभ्या. शेवटाकडे बोगदे, त्यातला मोठा सहाशे मीटरहून लांब, आत मिट्ट काळोख आणि खाली डबकी. मोबाइलच्या उजेडावर भागवणारे त्यात चाचपडताना हमखास भेटतात. डोक्याला लावायची विजेरी घ्याच. पाणी माणशी तीन लिटर, वाटेत दुकान नाही. नदीत उतरून पलीकडे जायचा मोह टाळा: वरच्या अंगाला वीजनिर्मितीची धरणं आहेत आणि आभाळ कोरडं असतानाही पाणी अचानक वाढतं.

वाट गोल नाही, हे लोकांना शेवटी आठवतं. गाडी सकाळीच प्वां सुब्लीमला लावा, तिथून शटल किंवा टॅक्सीनं मालीनला जा आणि आपल्या गाडीकडे चालत या. शटलचे दिवस हंगामानुसार बदलतात, तेव्हा आधी बघून ठेवा.

वारा आणि आग

मिस्त्राल हा उत्तरेकडून रोन नदीच्या खोऱ्यातून येणारा कोरडा वारा. आभाळ निळंशार असतं, त्यामुळे नवख्याला तो दिसत नाही. त्या दिवशी १,९१० मीटरच्या व्हाँतूवर जाऊ नका. खाली ३० अंश असताना वर जॅकेट लागतं आणि गाडीचं दार हातातून सुटतं. हिवाळ्यात माथ्याचा रस्ता बंदच असतो. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यानुसार जंगलातल्या वाटा बंद करतात. दुसऱ्या दिवसाचा नकाशा आदल्या संध्याकाळी प्रशासन जाहीर करतं. तो न बघता निघणाऱ्याला वाटेच्या तोंडावरूनच परत पाठवतात.

बाकी किरकोळ

लॅव्हेंडर ऑगस्टअखेर शोधू नका. व्हालांसोलचं पठार आणि सेनांकचा मठ इथे तो जूनअखेर ते जुलैमध्य फुलतो. सो गावच्या उंच पठारावर जुलैअखेरपर्यंत मिळतो.

आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आरटीओतून काढा आणि मूळ परवानाही बरोबर ठेवा. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंगमध्येच तसं नोंदवा. आव्हिन्यों टीजीव्ही (वेगवान गाड्यांचं) आणि आव्हिन्यों सेंटर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत.

गावात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, मग त्याची गल्ली कितीही बारीक असो.

‘गाझोल’ म्हणजे डिझेल. नावात गॅस ऐकून पेट्रोलच्या गाडीत भरू नका.

कारंज्यावर ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

शाकाहारी असाल तर ‘सलाद’ या शब्दावर विसंबू नका, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात. तापनाद या चटणीतही ऑलिव्हबरोबर अँचोव्ही मासे वाटलेले असतात. ऑर्डर देण्याआधीच ‘सां व्हियांद, सां प्वासों’ म्हणा. मांस नको, मासे नकोत.